श्रावस्तीच्या काचा

नळदुर्गला बस बदलेपर्यंतच आबारावांचे गुडघे बोलायला लागले होते. भूकंपानंतर सास्तूरात जी घरं नव्यानं उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांनी रचल्या होत्या. गवंडीकाम सुटलं, पण ते ओझं काही अंगातून उतरलं नाही.

मांडीवर प्लॅस्टिकची चपटी डबी होती. तिच्यात नखाएवढे काचेचे तुकडे. त्यांची लेक श्रावस्ती धाराशिवच्या कॉलेजात तासांवर पदार्थविज्ञान शिकवायची आणि त्यातून उरलेल्या वेळात पीएचडी करायची. पोटुशी असताना पुण्याला खेपा घालून तिनं हे तुकडे तयार केले होते. झिंक ऑक्साइडच्या टिकलीवर लेझरचा मारा केला की तिची वाफ उडते, तापलेल्या काचेवर जाऊन बसते, आणि तिथं डोळ्याला न दिसणाऱ्या काड्यांचं रान उगवतं. त्या काड्या कसला उजेड देतात, ते सोलापूरला तपासायचं होतं. यंत्राची तारीख मिळता मिळेना. मिळाली तेव्हा श्रावस्ती बाळंतीण होऊन माहेरी पडलेली.

"बाबा, आत बोट लावू नका," एवढंच ती म्हणाली होती.

सोलापूरच्या प्रयोगशाळेत गायत्री नावाच्या संशोधक मुलीनं डबी घेतली. "काका, या आत. चष्मा लावा हा." अंधाऱ्या खोलीत तिनं लेझर सोडला, आणि तुकडा गच्च हिरवा उजळला, कोवळ्या हरभऱ्यासारखा.

"लई देखणं हाय की," आबाराव म्हणाले.

गायत्रीनं दुसरा तुकडा लावला, मग तिसरा. "जांभळा यायला पाहिजे होता, काका. हिरवा म्हणजे वाढताना ऑक्सिजन कमी पडला. आत जागा रिकाम्या राहिल्यात."

"म्हंजी काम पुन्यांदा?"

"बहुतेक."

परतीच्या वाटेवर आबारावांनी मनाशी ठरवलं, मशीन बंद होतं म्हणून सांगायचं. पोरगी आठवडाभर तरी निवांत झोपेल. पण उंबऱ्यात पाय ठेवला तर श्रावस्ती बाळाला मांडीवर घेऊन जागीच होती.

"हिरवा आला ना?" तिनंच विचारलं.

त्यांच्या तोंडून खोटं निघेना. "व्हय. समदेच."

"पुण्याला परत जावं लागंल."

"पुरं कर की गं बाई आता!" तिची आई सरुबाई चुलीपुढून कडाडली. "अंगात रगत न्हाय तुझ्या."

आबारावांनी बाळ उचलून घेतलं, तेवढ्यात श्रावस्ती बसल्या बसल्याच भिंतीला डोकं टेकून झोपली.

बाळ बसायला लागल्यावर ती पुन्हा पुण्याला गेली. या खेपेला यंत्राच्या बंद कोठीत ऑक्सिजन वाढवून नवे तुकडे केले आणि स्वतःच सोलापूरला घेऊन आली. आबाराव नातीला खांद्यावर टाकून प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"जांभळा आला बाबा. चांगला आला. हिरवा मात्र अजून हाय थोडा."

"मग?"

"माझे पीएचडीचे सर फोनवर म्हणाले, जसा हाय तसा लिही. किती कमी झाला ते दाखव."

तिच्या तोंडावर आनंद होता की नुसता शीण, आबारावांना कळेना. त्यांनी बाहेरच्या गाड्यावरून चहा आणला. पोर रडायला लागली तशी ती पाजायला बसली. चहा पार निवून गेला, तरी नंतर तिनं तो तसाच घोटाघोटानं संपवला. आबाराव पिशवीत कोरडं दुपटं शोधत होते.