मान हलवल्याचा आवाज

शाळेच्या वार्षिक अहवालापलीकडे आयुष्यात काही न लिहिलेल्या बाईने सत्तरी उलटल्यावर लेखणी उचलावी, हे धाडसच आहे. जाणकारांनी ते पोटात घालावे. मला राहवत नाही म्हणून लिहिते, एवढेच माझे समर्थन.

साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे सिग्नलमामा म्हणत. सैन्यात ते बिनतारी संदेशांच्या तुकडीत हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाने त्यांची दृष्टी नेली. आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, "शेजारच्या शाळेतल्या बाई न्हवं तुमी?" मी सवयीप्रमाणे नुसती मान डोलावली. ते वाट पाहत थांबले आणि मग म्हणाले, "आवं बाई, मान हलवल्याचा आवाज येत न्हाई."

वर्गाबाहेर चार वाक्ये सलग बोलण्याची मला तेव्हा धास्ती वाटे. मामांनी नेमके मलाच पंच केले. त्यांनी आंधळ्या माणसांचे क्रिकेट सुरू केले होते. प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूला चीर द्यायची, आत सायकलचे छर्रे भरायचे आणि तापल्या सुरीने चीर सांधायची. यष्ट्या लोखंडी नळीच्या, म्हणजे चेंडू लागला की मैदानभर ऐकू जाई. बाद, धाव, चौकार हे मात्र पंचाने ओरडून सांगायचे. पहिल्या दिवशी मी "बाद" असे पुटपुटले, तेव्हा मामा फलंदाजाला म्हणाले, "खेळत राहा रं, बाई मनात बोलत्यात."

खेळाला प्रतिस्पर्धी लागतात आणि आंधळी माणसे गावोगाव एकेकटी असतात. मामांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे टेपरेकॉर्डर. बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने तो आणून दिला होता. एक यंत्र आणि त्यात एकच कॅसेट. कांबळ्यात गुंडाळून, कॅनव्हासच्या पिशवीत घालून, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती ते एसटीने शिराळ्याला, तिथली आंधळी पोरे जमवणाऱ्या दत्तूकडे जाई. तिथून सांगलीला, वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या आप्पांकडे, आणि मग परत साताऱ्याला. आलेला निरोप ऐकायचा, तो पुसायचा आणि त्या जागी आपला भरायचा; पुढच्या गावाची खबर असेल तर तीही त्यातच सांगायची. सिग्नलची शिस्त मामांच्या अंगात भिनली होती. "खबर पोचली की पुसायची. साठवलेली खबर कुणाच्या कामाची न्हाई." शेवटी प्रत्येक वेळी म्हणत, "आता तुमी बोला, मी ऐकतोय."

त्या फितीवर काय काय येई! दत्तू म्हणे, "मामा, सातारकरांचा चेंडू वाजतोय का रडतोय?" मग आप्पांचा खणखणीत आवाज, "शिराळ्याच्या पोरांस्नी नाग फुसकारला की कळतंय, चेंडू आला की कळत न्हाई!" सामन्याला भेटण्याआधीच ती माणसे एकमेकांना खोकल्यावरून ओळखू लागली.

एकदा मात्र यंत्र शिराळ्याहून पुढे सरकेना. दत्तू काही दिवस आजोळी कऱ्हाडला गेला होता, आणि डब्यातून माणसाचा आवाज येतो हे पाहिलेल्या त्याच्या आईने यंत्राला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्यात ठेवून दिले होते. सामना पुढे ढकलल्याचा निरोप त्यातच अडकला. आप्पा तिघा गड्यांना घेऊन सांगलीहून साताऱ्याला आले, उन्हात मैदानावर बसले आणि सामना न खेळताच परतले. मामांना इतके संतापलेले मी तेव्हाच पाहिले. "यंत्राला फुलं वाहायची न्हाईत, बाई. ते थांबलं की खेळ थांबला, आन् ही पोरं परत आपापल्या कोपऱ्यात. मी मेलो तरी हे ध्यानात ठेवा." मी मान हलवली, आणि लगेच मोठ्याने "हो" म्हटले.

मामा पुढच्याच वर्षी गेले. पहाटे झोपेतच. सांगलीचा सामना चार दिवसांवर होता आणि पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. दिवस कलल्यावर मी ती घरी आणून यंत्र सुरू केले. "शिराळा, सांगली, ऐका. मॅच रविवारी, सांगलीत. दत्तू, चेंडू नवा केलाय, तक्रार ऐकणार न्हाई. आप्पा, यष्ट्यांना तेल लावू नका, आवाज बसतो. आता तुमी बोला, मी ऐकतोय."

त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. नवी कॅसेट पुण्याहून आणता आली असती आणि ही माझ्याकडे ठेवता आली असती, हे मला ठाऊक होते. पण निरोप माझ्यासाठी नव्हता. मामांचा निरोप संपला तिथून पुढच्या कोऱ्या फितीवर बोलण्यासाठी मी आवाज भरायचे लाल बटण दाबले. फीत नुसतीच फिरत राहिली. मी मान हलवीत होते. मग बोलले, "सातारा बोलते आहे. मामा आज पहाटे गेले. सामना रविवारीच होईल, पंच मी आहे. आता तुम्ही बोला, मी ऐकते आहे." सकाळच्या गाडीने यंत्र गेले.

रविवारी सांगलीच्या मैदानावर शिराळा आणि सांगली, दोन्ही संघ हजर होते. माझा "बाद" नदीच्या बाजूच्या क्षेत्ररक्षकापर्यंत पोचला, असे आप्पा म्हणाले. दत्तू मात्र सामना संपल्यावर बराच वेळ माझ्याजवळ घुटमळला. "मामांची खबर तीनदा ऐकली, बाई, मग पुसली. लय जड गेलं. पण तुमी ठेवा म्हणला न्हाईत, आन् मामांचा नियम ठावा हुता."

यंत्र पुढे बरीच वर्षे फिरले. कऱ्हाडची, विट्याची माणसे येऊन मिळाली. मामांना कधीही न ऐकलेली पोरे त्यांच्या यष्ट्यांवर खेळली. त्यांचा आवाज कसा होता, असे कुणी विचारले की मला नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी फितीवर "पुसू नका" एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते का?