सुपातली खडी

"दगड बी निवडना पडतस, माय," म्हणत मावशी सूप पाखडायची. तुम्हाला वाटेल, सुपात तांदूळ असतील. नाही हो, खडी होती.

नवागामच्या कामगार वस्तीत ती माझी शेजारीण. आम्ही दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायचो. तिच्या घरामागे चिंचोळी बाग होती, एक पपई आणि एक कढीपत्ता. त्यांच्या मधल्या चिखलात तिला खडीचं अंगण करायचं होतं. आमच्याकडे लोक जागा दिसली की खोली काढतात, हिला मोकळं अंगण हवं होतं.

कारण होतं तिची मुलगी. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि हजिऱ्याकडे राहायला गेली. लूमवर काम करणाऱ्या तिच्या बापाने बजावलं, पोरीने या घरात पाय ठेवायचा नाही. मावशी भांडली नाही. मला हळूच म्हणाली, "घरमा नही म्हने ना तो? मंग आंगनमा तं ई पोर." घरात नाही तर अंगणात तरी येईल, असा तिचा हिशोब.

आम्ही माती चोपून बसवली, विटांची कड लावली. टेम्पोवाला खडी ओतून गेला आणि मावशी सूप घेऊन बसली. टोकदार खडे वेगळे, गोल खडे अंगणात.

"मावशी, चपला घालून येईल गं ती," मी म्हटलं.

"आंगनमा चपला घालतस का वं? पोरना पायले टोची."

मीही सूप घेतलं. खडी पसरल्यावर तिने रीतीप्रमाणे वर शेणाचा सडा टाकला. पाणी झिरपून गेलं, वास तेवढा आठवडाभर राहिला.

नवऱ्याने दारातून विचारलं, "हाई काय शे?"

"बसाले," ती म्हणाली. त्याला सगळं कळलं होतं. तो आत निघून गेला.

मुलगी फोनवर एकच म्हणायची, "आबा बोलावतील तेव्हा येईन." मावशी संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायची. मुलीसाठी ठेवलेली ती रिकामी खुर्ची मला बघवायची नाही. मग मी काहीतरी निमित्त काढून तीत जाऊन बसायचे.

पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली.

दहाव्याला मुलगी आली. मागच्या बोळातून येऊन अंगणात खाली बसली, घराकडे पाठ करून. बाप दारात उभा होता. "आत ये" म्हणणं त्याला काही जमेना. शेवटी तोच उंबरा ओलांडून बाहेर आला आणि तिच्याशेजारी खडीवर बसला.

हे बघायला ये म्हणून मी सवयीने मावशीला हाक मारायला तोंड उघडलं.