ताटाची डावी बाजू

अक्षर वाकडंतिकडं आहे, शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका असतील. कुणाच्या हाती पडलंच तर माफ करावं. पण आजचा राग कुठे तरी उतरवायलाच हवा.

ह्यांचं ताट उचलताना रोज दिसतं, उजवीकडची भाजी संपलेली आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे असंच. चव गेली असेल, असं मला वाटायचं. नणंदबाईंनी उलगडून सांगितलं, "वहिनी, दादाचे डोळे चांगले आहेत. त्याच्या मेंदूलाच डावी बाजू कळत नाही." डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत कुठे पोचतं, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्यामुळेच मला कळलं, ते खोटं नाही.

पण आज त्यांनी दोन विद्यार्थी घरी आणले. मला ह्यांच्या डाव्या हाताला बसवलं, गप्प राहायला सांगितलं आणि विचारलं, "दादा, वहिनी कुठाय?"

"गेली असेल शेजारी गप्पा ठोकायला."

विद्यार्थी हसले. "बघितलंत?" म्हणताना नणंदबाईंचा चेहरा खुलला होता.

माणूस आपल्याच माणसाला हरवून बसलाय, आणि ते बघून आनंद व्हावा? समजावणं वेगळं, खेळ मांडणं वेगळं.

"पुन्हा विचारते हं," त्या म्हणाल्या.

"नका विचारू, वन्सं." त्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. उठून ह्यांच्या उजवीकडे जाऊन बसले.

"अगं, कधी आलीस?" म्हणत ह्यांनी माझा हात धरला. एवढ्या लोकांसमोर, आणि मी तो सोडवून घेतला नाही.