६१७४ आणि बाईची वजाबाकी

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आसगावात तिची शाळा सातवीतच सुटली, पण बाहेरून मॅट्रिकला बसायचं तिच्या मनात पक्कं होतं. वडिलांनीही हो म्हटलं होतं, आणि त्या काळी हे थोडं नव्हतं.

मी सातवीत असताना गुरुजींनी वर्गात एक गंमत दाखवली. ती मी घरी येऊन बाईला सांगितली. चार आकडे घे, फक्त सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांड, मग उलटे मांडून त्यातून वजा कर. येईल त्याचं पुन्हा तसंच. तिनं ३५२४ घेतला. ५४३२तून २३४५ गेले, ३०८७ राहिले. मग ८३५२ आला, मग ६१७४. आणि ७६४१तून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च!

"अगा माय, हा तं हलतच नाही!" ती म्हणाली. दुसरे आकडे घेतले, तिसरे घेतले. सगळे तिथंच येऊन थांबले.

तीन आकड्यांचा थांबा तिनं आपल्या आपणच काढला, ४९५. मग पाच आकड्यांचाही असणारच, असं तिनं धरलं. मीही धरलं. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं तिच्या वजाबाक्या सुरू झाल्या. पण तिथं ६२९६४ आला की पुढं ७१९७३, मग ८३९५२, मग ७४९४३, आणि फिरून ६२९६४. घाण्याच्या बैलासारखं नुसतं गोल गोल. दुसरे आकडे घेतले तरी फेरा सुटेना.

मी गुरुजींना विचारलं. ते सायकलवर बसत होते. "तुझ्या बहिणीचा हातचा चुकत असेल," म्हणाले आणि गेले. त्यांचा मला आजही राग येतो. दोन मिनिटं सायकल टेकवून एक वजाबाकी तपासली असती, तर काय आभाळ कोसळणार होतं? मी तरी कुठला शहाणा! जसंच्या तसं जाऊन बाईला सांगितलं.

तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. एका सकाळी पाहतो तर भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली.

"मी नाही बसत मॅट्रिकले," ती म्हणाली. "मले साधी वजाबाकी येत नाही, अन् तिथं बीजगणितात काय दिवे लावू?"

वडिलांनी फार आग्रह केला नाही. पुढच्याच उन्हाळ्यात ती साकोलीला, एका दुकानदाराच्या घरी नांदायला गेली.

पुढं नागपुरात बी.एस्सी.ला असताना सरांनी बोलता बोलता सांगितलं, की पाच आकड्यांना असा थांबा नाहीच, ते फेऱ्यात फिरत राहतात. आणि फळ्यावर लिहिलं ६२९६४. त्याच दिवशी साकोलीची बस धरली.

बाई तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजे माही वजाबाकी बरोबर होती?"

"बरोबर होती."

"सगळ्याच?"

"सगळ्याच, बाई."

ती हसली. इतकी मोकळी हसली, की मला वाटलं, बरं झालं आलो. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग मी परीक्षेले काहून नाही बसली रे, बाबू?"