कारखान्याचं चित्र जायचं तेव्हा

कामतघरला आमच्या घरामागे आमचाच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. मधे धुणं वाळत घालण्यापुरतं अंगण. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून कारखान्याचे फक्त पत्रे दिसायचे. आत काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. लूम चालू असले की टेबलावरचा पेला थरथरायचा. शुक्रवारी लूम बंद असायचे, कारागीर आपापल्या खोल्यांवर, आणि ती शांतता मला सहन व्हायची नाही. कारण बाबा शुक्रवारीही कारखान्यात जायचे. एकटे.

नव्या शतकाची सात-आठ वर्षं उलटली होती तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी बाबांना कारखान्यात पहिली फिट आली होती. दोन लूमच्या मधल्या वाटेत ते पडले. कारागिरांनी त्यांना उताणं केलं आणि फिट आलेल्या माणसाला करतात तसं त्यांच्या नाकाला चप्पल लावली. शुद्धीवर आल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसली ती स्वतःच्या कारागिराची चप्पल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एकटं सोडू नका म्हणून सांगितलं. बाबांनी गोळ्या घेतल्या, पण दुसरी गोष्ट ऐकली नाही.

"मला राखायला कोन नको," ते म्हणाले. "मी काय शेरडू हाय?"

मी काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायचो. त्यामुळे यंत्रांची मला थोडीफार ओळख होती, आणि बाबांशी समोरासमोर बोलण्याची सवय नव्हती. मी कारखान्यात चार कॅमेरे बसवून घेतले. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये डीव्हीआर ठेवला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवून ठेवणारी पेटी. तिथून एक केबल पत्र्याच्या कडेने, अंगणावरून, माझ्या खोलीतल्या राउटरपर्यंत आणली. कॉम्प्युटर उघडला की चार चौकोनांत कारखाना दिसायचा. बाबांना सांगितलं, सुताची रिळं, ते कोन, चोरीला जातात म्हणून लावलेत.

"चोर नेल दोन कोन," बाबा म्हणाले, "आनि ह्यो चार डोळं लावतो. हुशार हाय पोरगा."

आईलाही मी तेच सांगितलं होतं. खरं कारण फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं.

चित्र असायचं तोवर सगळं ठीक असायचं. शुक्रवारी जेवण झालं की मी वर येऊन बसायचो आणि खाली तिसऱ्या चौकोनात बाबा दिसायचे. तेलाचा डबा घेऊन फिरताना, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारताना, नाहीतर नुसतेच बाकावर बसलेले. ते बसले आणि बराच वेळ हलले नाहीत, की मी स्क्रीनच्या जवळ जायचो. मग ते मांडी खाजवायचे आणि मी खुर्चीत मागे टेकायचो.

पण चित्र जायचं. विजेच्या लाइनची दुरुस्ती शुक्रवारीच निघायची, लाइट दिवसातून अनेकदा जायची-यायची. लाइट आल्यावर राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नवा नंबर वाटायचा, जो आधी जागा होईल त्याला आधी. खालच्या खोलीतला मुलांचा कॉम्प्युटर आधी जागा झाला, की डीव्हीआरचा नंबर तो घेऊन बसायचा. मग माझ्या स्क्रीनवर चार काळे चौकोन आणि इंग्रजीत एक ओळ, संपर्क होत नाही. हे कारण मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर चित्र गेलं की मी जिना उतरून कारखान्यात धावायचो.

बाबा लूमवरून मान वर करायचे. "आलास? बघ, हाय अजून."

एकदा मी असा गेलो तेव्हा एक कारागीर राहिलेली बिडी शोधायला आला होता. त्याच्यासमोर बाबा म्हणाले, "ह्याला काय वाटतं, म्हातारा खपला का काय." कारागीर हसला. मला म्हणाला, "चाचा ठीक हैं भैया, आप जाओ, आराम करो." त्या दिवशी बाबा घरी जेवले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं आणि मला विचारलं, "तू काय बोललास त्यांना?" मी काहीच बोललो नव्हतो. मी फक्त बघायला गेलो होतो.

म्हणून मी ठरवलं की चित्र गेलं तर आधी यंत्र तपासायचं. धावायचं नाही. डीव्हीआरला पक्का नंबर देऊन टाकला, राउटरच्या वाटपातून तो वगळला. अँटिव्हायरस अधूनमधून चित्र अडवायचा, त्याला परवानगी दिली. तरी गेलंच, तर कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून, तिच्यात डीव्हीआरचा नंबर टाकून त्याला हाक मारायची. उत्तर आलं तर पेटी जिवंत आहे, दोष माझ्या कॉम्प्युटरचा. उत्तर नाही आलं तर एकाखाली एक त्याच चार ओळी उमटायच्या, की वेळ संपली, उत्तर नाही. त्या ओळी पेटीबद्दल असायच्या. मी त्या बाबांबद्दल वाचायचो. तरीही खुर्चीत बसून राहायचो, पुढची तपासणी करायचो, आणि बहुतेक वेळा चित्र परत यायचं. माझी ही पद्धत चांगली आहे असं मला वाटू लागलं होतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला लूम आदल्या संध्याकाळीच बंद केले. सकाळी बाबांनी अंघोळ करून कारखान्यातल्या प्रत्येक लूमला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, दारात नारळ फोडला. मी ताट धरून त्यांच्या मागे होतो. धोटा, कात्री, पाने, तेलाचा डबा, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हातात घ्यायचं नाही, यंत्र चालवायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. बाबा खूश होते. कारागिरांना पेढे देऊन त्यांनी वाटेला लावलं आणि मला म्हणाले, "जा तू, मी येतो मागून." मी घरात आलो.

दुपारी जेवणं झाली. बाबा म्हणाले, जरा टेकतो. मी वर जाऊन आडवा झालो. पाणी प्यायला खाली आलो तर बाबांची खाट रिकामी होती आणि दारातल्या वहाणा नव्हत्या. आई भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. मी वर येऊन कॉम्प्युटर उघडला.

चार काळे चौकोन.

मी हाक मारली. वेळ संपली, उत्तर नाही. चारदा. राउटरला हाक मारली, त्याने लगेच उत्तर दिलं, म्हणजे माझ्या बाजूचं ठीक होतं. राउटरकडे पाहिलं तर डीव्हीआरच्या केबलचा दिवा विझलेला. केबल काढून दुसऱ्या भोकात घातली. दिवा लागला नाही.

बायको कपड्यांच्या घड्या ठेवायला खोलीत आली होती. तिने स्क्रीन पाहिली.

"बाबा कुठेत?"

"कारखान्यात असतील."

"मग जाऊन बघा ना."

"सणाचा दिवस आहे. परत चिडतील. केबल गेली असेल, बघतो."

"अहो, केबल मागून बघा."

"थांब गं जरा," मी म्हणालो.

पावसाळ्यात त्या केबलच्या टोकाला गंज चढला होता, तो संशय मला आधीपासून होता. मी टोक कापलं. आतल्या आठ बारीक तारा सोलून रंगाच्या क्रमाने लावल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी. तपकिरी तार आत नीट गेली नाही, पकडीने दाबल्यावर लक्षात आलं. परत कापलं, परत सोललं. खिडकीतून पत्रे दिसत होते, त्यांच्यावर ऊन होतं, आणि खालून काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. बाबा खोकत असतील, डबा आपटत असतील, असं म्हणून मी कान देत होतो आणि तारा लावत होतो. मला कळत होतं की मी चुकीचं काम करतोय. पण ते अर्धवट टाकून उठलो असतो तर मला वाटणारी भीती खरी आहे असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

नवं टोक राउटरला लावलं. दिवा विझलेलाच.

आता केबलचं दुसरं टोक बघणं तेवढं राहिलं होतं, आणि ते कारखान्यात होतं. मी उतरलो.

आत अंधारलेलं होतं. तेलाचा आणि झेंडूचा वास होता. मी दारातून हाक मारली, "बाबा." मग मोठ्याने. बाबा तिसऱ्या लूमच्या पायाशी पडले होते, गाल फरशीला लागलेला, उजवा हात अंगाखाली मुरगळलेला. तोंडाशी फेस आणि थोडं रक्त. लूमवरची माळ तुटून त्यांच्या पाठीवर आली होती. पडताना त्यांनी तिलाच धरलं असावं. श्वास चालू होता, घरघर येत होती. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि बायकोच्या नावाने ओरडलो.

रिक्षाला पुढे झेंडूचा हार होता आणि आंब्याचे डहाळे. रिक्षावाला गर्दीतून वाट काढत सगळ्यांना हात करत होता, "पेशंट है, पेशंट." बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत त्यांना परत झटका आला. मी त्यांची हनुवटी धरून बसलो होतो आणि मनात आकडे मोजायचा प्रयत्न करत होतो, पण मला पुढचा आकडा आठवत नव्हता.

दवाखान्यात त्यांना आत घेतल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. घाईत नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"पहिला झटका किती वेळ चालला?"

त्यांनी हातातल्या कागदावर पेन टेकवलं.

"एकच आला की लागोपाठ आले? मधे शुद्धीवर आले होते का? हे कळलं तर बरं पडेल."

"माहीत नाही," मी म्हणालो. "कोणी नव्हतं जवळ."

"किती वेळ पडून होते, अंदाजे?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. पदराला अजून पुरणाचा वास होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही डॉक्टर. मी वर केबल दुरुस्त करत होतो. त्याच्यात बराच वेळ गेला."

"कसली केबल?" आईने विचारलं.

डॉक्टर आत गेले. मी आईला तिथेच बाकावर बसून सगळं सांगितलं, कॅमेरे कशासाठी होते ते, आणि चित्र गेलं की मी काय करायचो ते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी गेले असते. मला नसते बोलले ते."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. आई नेहमी चहा घेऊन कारखान्यात जायची. तिच्या जाण्याला कारण लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचे कपडे न्यायला घरी आलो तेव्हा केबिनमध्ये गेलो. डीव्हीआरला हळद-कुंकू लावलेलं होतं. वर एक झेंडूचं फूल. प्लग भिंतीतून काढून त्याची वायर नीट गुंडाळून पेटीशेजारी ठेवली होती. मी सकाळी घरात गेल्यावर बाबांनी त्याचीही पूजा केली होती आणि बाकीच्या यंत्रांसारखी त्यालाही दिवसभराची सुट्टी दिली होती. मी प्लग लावला आणि मागचं चित्र काढून पाहिलं. बाबा ताट घेऊन केबिनकडे येतात. दारात थांबून वहाणा काढतात, आत येऊन प्लगकडे वाकतात. तिथे रेकॉर्डिंग संपतं. त्यानंतर थेट मी, दुसऱ्या दिवशीचा, प्लगजवळ वाकलेला. मधलं काहीच नाही. ते कधी पडले, किती वेळ तडफडले, हाक मारली का, हे कोणालाच कळणार नव्हतं.

बाबा वाचले. खांदा निखळला होता, तो बसवला. जीभ मात्र जड झाली, शब्द सावकाश यायला लागले. त्या दुपारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. घरी आल्यावर मी एकदा विचारलं, "ती पेटी का बंद केलीत तुम्ही?"

त्यांनी विचार केला. "केली आसंल," ते म्हणाले. "दसऱ्याला कुठलं यंत्र चालू ठेवतात?" आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एवढंही ह्याला ठाऊक नाही.

पुढच्या शुक्रवारी ते काठी घेऊन कारखान्यात गेले. त्यांना कोणी अडवलं नाही. आई चहा घेऊन मागून जाणार होती. मी वर जाऊन कॉम्प्युटर लावला. केबल चांगली होती, चित्र लगेच आलं. बाबा बाकावर बसलेले दिसले. मी खिडकी उघडी ठेवली होती. खालून त्यांचा खोकला ऐकू आला. स्क्रीनवर ते तसेच बसून होते, तोंड मिटलेलं. मग त्यांचे खांदे हलले आणि ते खोकले.

चित्र मागे होतं. जरासंच. डीव्हीआर ते साठवून, बारीक करून पाठवतो, त्यात तेवढा वेळ जातोच. हे मला आधीपासून माहीत होतं, कॅमेरे बसवणाऱ्याने सांगितलंही होतं. पण त्या दिवशी मी स्क्रीनवरच्या बाबांकडे पाहत होतो आणि आत्ता, या क्षणी ते कसे आहेत हे मला दिसत नव्हतं.

मी कॉम्प्युटर तसाच ठेवून खाली गेलो. बाबांनी मान वर केली. काय पाहिजे असं त्यांना विचारायचं होतं, पण शब्द लवकर आला नाही. तो येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो होतो.