सहावी पायरी

वाळवंटातल्या वफ्रा गावच्या शेतावर कुंपणाच्या कडेला निलगिरीची रांग आहे. बाकीची झाडं वारा अडवायला लावलेली, शेवटचं मात्र शिकारीचं. त्याच्या खोडात चौदा लोखंडी पायऱ्या होत्या, एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची. त्या संपायच्या तिथे फळ्यांचं मचाण. शेताचे मालक अरब, त्यांना आम्ही बाबा म्हणतो; आमच्याशी ते मोडक्या हिंदीत बोलतात. सत्तरी ओलांडली तरी मोसमात दर शुक्रवारी सकाळी ते मचाणावर बसून होले मारतात. पक्षी वर्षातून दोनदा शेतावरून जातात, थंडीच्या आधी आणि थंडी सरल्यावर. माझा नवरा शेत सांभाळतो, मी स्वयंपाक करते. मारलेले होले माझ्याकडे येतात, पिसं काढायला.

झाडावर पहिले चढायचे ते हे. वर जाऊन मचाण झाडायचं, दोरीने बंदूक, गादी आणि चहाचा थर्मास ओढून घ्यायचा, मग खाली हाक द्यायची. त्यानंतर बाबा कमरेभोवती आणि खोडाभोवती पट्टा बांधून सावकाश यायचे. पट्टा एकच. म्हणजे एखादी पायरी निकामी झाली तर ते आधी यांच्या पायाला कळणार. हे मला पहिल्या वर्षापासून दिसत होतं. बोलले कधी नाही. पुरुषांसमोर माझा आवाज घशातच राहतो. बाबांशी इतक्या वर्षांत "हाँ बाबा", "खाना तैयार" याच्यापुढे मी गेले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यानंतर यांनी पायऱ्या तपासल्या. दोन वाकल्या होत्या, त्या दगडावर ठेवून हातोडीने सरळ केल्या. चार गंजल्या होत्या, त्या घासून तेल लावलं. सहावी आणि नववी मात्र धरेनात. या पायऱ्यांना एका टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, ते खोडात पिळून बसवायचे. त्या दोन पायऱ्यांची भोकं इतकी मोठी झाली होती की पायरी नुसती गोल गोल फिरायची.

"वीतभर बाजूला नवीन भोकं पाडतो," हे बाबांना म्हणाले.

"नहीं," बाबा म्हणाले. "मेरा पैर को जगह मालूम. आँख बंद करके चढ़ता मैं. जगह नहीं बदलना."

संध्याकाळी हे दोन्ही पायऱ्या घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर ठेवल्या. "माडावर चढणाऱ्याची लेक ना तू? सांग आता काय करू."

अब्बा गावात नारळ पाडायचे. त्यांच्या कोयत्याची मूठ सैल झाली, होडीच्या वल्ह्याची खुंटी हलायला लागली, की ते काथ्या भिजवून भोकात ठोकायचे. दुसऱ्या दिवशी मूठ दगडासारखी. मी तेच सांगितलं. माझ्याकडे सुंभाचा तुकडा होता, गावाहून आलेल्या आंब्याच्या पेटीला बांधलेला. तो उलगडून भिजवला, आट्यांवर घट्ट गुंडाळून दिला. उरला त्यातून माझ्या विळीचं पातं पाटात बसवलं, तेही हलत होतं.

पायऱ्या इतक्या घट्ट बसल्या की यांना दोन हातांनी जोर लावून पिळाव्या लागल्या. वर उभं राहून उड्या मारून दाखवल्या यांनी. मी खालून बघत होते. "बघ, बापाचं नाव काढलंस," म्हणाले. मला आनंद झाला. तेव्हा हवा दमट होती. कपडे दिवसभर वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत मीठ चिकट झालं होतं. गावच्यासारखीच हवा. काथ्या फुगला होता.

दोन शुक्रवार नीट गेले. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी वारा फिरला. उत्तरेकडून कोरडा वारा आला आणि थांबेना. ओठ फुटले, दाराच्या कडीला हात लावला की बोटाला चटका बसायचा, दोरीवरचं पांघरूण तासाभरात कडक व्हायचं. निलगिरीच्या साली सुटून रात्रंदिवस खोडावर आपटायच्या. मला तो आवाज आवडत नव्हता, पण का ते कळत नव्हतं. बुधवारी एकदा यांना विचारावंसं वाटलं की पायऱ्या बघितल्या का. बाहेर पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोरून जायचं होतं. गेले नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडताच मी कांदा चिरायला विळी घेतली. कांदा लावला आणि पातं पाटात डुललं. धरून बघितलं. हातात सरळ निघून आलं. भोकातला काथ्या सुकून पोकळ झाला होता, फुंकर मारली तर उडाला.

मी तशीच उठले. कांदा घरंगळत गेला तो उचललाही नाही.

झाडापर्यंत वाळूतून पळत गेले. हे मचाणावर पोचले होते, फळ्या झाडत होते. बंदूक आणि थर्मास अजून खालीच, दोरीजवळ. बाबा आज हाकेची वाट न बघता पट्टा बांधून पहिल्या पायरीवर पाय ठेवत होते. मी वर बघितलं. सहाव्या पायरीचं टोक खाली झुकलं होतं आणि भोकातून काथ्याची शेपटी लोंबत होती. यांच्या चढतानाच्या वजनानेच ती सुटली असणार. यांना कळलंही नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, नको." आवाज वाऱ्यात गेला. त्यांनी दुसरा हात वर टाकला.

मग मी त्यांच्या अंगरख्याची बाही धरली.

ते इतके चकित झाले की हसले. "क्या हुआ? किचन में आग?"

"पायरी," मी म्हटलं. हिंदी शब्दच आठवेना. आळ्याजवळ दंताळं पडलं होतं, ते उचललं आणि दांड्याने सहावी पायरी हलकी ठोकली. ती निघाली आणि आमच्या दोघांच्या मध्ये वाळूत पडली. आटे चकचकीत होते, काथ्याचा एक धागाही त्यांना धरून नव्हता.

बाबा हसायचे थांबले. हळूच मागे सरले.

वरून हे वाकून बघत होते. "काय पडलं?"

"सहावी," मी म्हटलं. "नववीही तशीच असणार. उतरू नका."

"मग काय इथेच राहू?" हे म्हणाले, पण त्यांनी फांदी घट्ट धरलेली दिसली. "शिडी आणायला सांग."

शिडी दूर मंगफ गावात होती, बाबांच्या मुलाच्या घरी रंगकामाला नेलेली. वारा वाढत होता. मचाण फांदीबरोबर करकरत होतं. दोन-तीन पुरुष उंचीवर नुसती फांदी धरून हे उभे होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती, नववीवरून सुटलेला पाय.

मी बाबांच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्यांनी काही न विचारता तो सोडला, माझ्या हातात दिला. दोरीला बांधला, यांनी वर ओढून घेतला.

"खोडाभोवती घाला," मी ओरडले. "चपला टाका खाली. पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, नुसता टेकायचा पाय. भार पट्ट्यावर. पायरीच्या टोकाला पाय नको, खोडाला लागून."

"अब्बांसारखं?"

"अब्बांसारखंच. बोलू नका आता."

चपला पडल्या. हे खोडाला पोट लावून उतरायला लागले. पट्टा थोडा खाली, पाय थोडा खाली. मी मोजत होते. अकरावी. दहावी. "आता नववी आहे, ती सोडा, तिच्यावर पाय नको, घसरत आठवीवर या."

पण पाय सवयीने गेला. नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरावर. नववी त्यांच्या टाचेखालून निघाली. हे सालीवरून खरवडत घसरले आणि पट्टा खोडाला आवळला. डोकं खोडावर आपटल्याचा आवाज आला. मग पाय आठवीवर टेकला. नववी पायरी माझ्या पायाशी येऊन पडली.

बाबा तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेत होते. हे खाली उतरले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली होती. वाळूत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी आण."

मी पाणी आणलं तेव्हा बाबा हातात दोन्ही पायऱ्या घेऊन उभे होते. भोकातून गळालेला काथ्याचा बोळा बोटांनी चुरत होते. "ये किसने डाला?"

"मैंने," हे लगेच म्हणाले.

"मेरा था," मी म्हटलं. "रस्सी मेरी. मैंने बोला था." आणि मग तुटक्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडे हवा ओली असते, काथ्या फुगून राहतो. इथली हवा त्यातलं पाणी शोषून घेते. मंगळवारी वारा फिरला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाबांनी बोटांवरचा काथ्याचा चुरा झटकला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "अब से तुम देखेगा. मर्द चढ़ने से पहले तुम देखेगा. तुम बोलेगा तो चढ़ेगा."

त्या मोसमात पुन्हा कोणी चढलं नाही. सगळ्या पायऱ्या काढल्या. भोकांतून लालसर डिंक गळत राहिला. थंडीभर मी पाणी घालायला जायचे तेव्हा तो बघायचे.

आता थंडी सरली आहे. गेल्या आठवड्यात शहरात शर्क भागातल्या दुकानातून नव्या पायऱ्यांची पेटी आली. मी यांच्याकरवी सांगून पाहिलं की एकही पायरी जुन्या भोकात नको. बाबांनी दोनच पायऱ्यांचं ऐकलं, सहावीचं आणि नववीचं. बाकीच्या बारा जुन्या भोकांत बसवायला लावल्या, त्यांच्या पायांना जागा ठाऊक आहे म्हणून. पट्टा अजूनही एकच आहे. यांनी काल सगळ्या बसवल्या. मी दंताळ्याच्या दांड्याने, वरच्यांसाठी शिडीवर चढून, एकेक ठोकून ऐकली. अकरा ठणठणीत वाजल्या, दोन बऱ्या. चौथीचा आवाज मला पोकळ वाटला. यांना विचारलं. म्हणाले, "वाऱ्याने तसं वाटतं. बाबांना आता पुन्हा काय सांगायचं?"

उद्या शुक्रवार. सकाळी पाहुणेही येणार आहेत, बाबांचे मित्र, सहा-सात जण, झाडाखाली खुर्च्या टाकून बसतील. त्यांच्यासमोर मला बोलायचं आहे.

दुपारपासून मी स्वयंपाकघरात पंखा चालू ठेवून ते वाक्य म्हणून बघते आहे. "बाबा, चौथी नहीं." पंख्याच्या वर आवाज जातो का, ते ऐकते. अजून जात नाही.