शून्य वेळा नेलेलं निळं पुस्तक

तेल्लेर्वोला ती मुलगी पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. ऑक्टोबर संपत आला होता, दुपारी चारलाच दिवे लावावे लागत होते. खिडकीखालच्या हीटरला गुडघे टेकवून ती बसली होती. बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले, आणि एका मोज्याची टाच दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेली.

लाउतारांता ही फिनलंडच्या उत्तर किनाऱ्यावरची, बंदरामागची वस्ती. तिथलं वाचनालय म्हणजे शाळेला लागून असलेल्या दोन खोल्या. तेल्लेर्वो तिथे एकवीस वर्षं काम करत होती. मुलंसुद्धा तिला नुसतं तेल्लेर्वोच म्हणत. ही मुलगी रोज शाळा सुटली की येई, सहाला दार बंद होईपर्यंत वाचत बसे आणि एकही पुस्तक घरी न नेता जाई. नाव साना, वय चौदा, आई मासळीच्या कारखान्यात पाळीवर, घर एका खोलीचं आणि त्यात दोन धाकटी भावंडं, एवढं वस्तीतून कानावर आलं होतं. तेल्लेर्वोने स्वतः काही विचारलं नाही. जो आपणहून बोलत नाही त्याला बोलायला लावायचं नाही, अशा घरात ती वाढली होती. सानाही तशाच घरात वाढत होती. त्यामुळे दोघींचं हिवाळाभर छान जमलं. येताना एकदा मान हलायची, जाताना एकदा.

त्याच हिवाळ्यात कुणीतरी एक खोडी सुरू केली. डिझेल इंजिनांवरचं एक जाड निळं पुस्तक रोज संध्याकाळी नकाशांच्या पुस्तकांमागे सापडू लागलं. तेल्लेर्वो ते काढून जागेवर लावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशांमागे. इमारतीची देखभाल बघणारा उर्पो म्हणाला, इंजिनाचं पुस्तक आहे, चालायला लागलं असेल.

मार्चमध्ये जुनी पुस्तकं काढून टाकायचं काम निघालं. पाच वर्षांत जे कुणी घरी नेलं नाही ते जायचं, असा नियम. कॉम्प्युटरच्या यादीत निळ्या पुस्तकापुढे शून्य होतं. तेल्लेर्वोने पहिल्या पानावर ‘काढून टाकले’ असा शिक्का मारला. खोडी एकदाची संपली, म्हणून तिला जरा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साना आली. तिने नकाशांमागे हात घातला, मग मूळ जागी पाहिलं, मग वरखालच्या फळ्या धुंडाळल्या. मग मोज्यांवरच टेबलापाशी येऊन उभी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

“डिझेलचं पुस्तक कुठंय?”

“काढून टाकलं. कुणी वाचत नव्हतं.”

“मी वाचते. दोनशे बारा पानं झालीत.”

तेल्लेर्वोने चष्मा काढला. “मग घरी का नाही नेलंस?”

कार्ड नव्हतं. पंधराच्या आत आईची सही लागते, आणि घर बदलताना दोन पुस्तकं हरवल्यापासून आई असल्या कागदावर सही करत नव्हती. हे सगळं सानाने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं. “आणि मला वाटलं, तुला माहितीय. तू रोज ते जागेवर ठेवायचीस. म्हटलं, लपवू नकोस असं सांगतेयस.”

“तरी लपवायचीस?”

“दुसऱ्या कुणी नेलं असतं तर?”

मग खरी गोष्ट बाहेर आली. आठवीच्या मुलांना शाळा आठवडाभर कुठेतरी काम शिकायला पाठवते. सानाला बंदरातली बोटी दुरुस्त करायची शेड हवी होती. तिथला मुकादम म्हणाला होता, सोमवारी ये, इंजिनातला इंधनाचा पंप कसा चालतो ते समजावून सांग, मग बघू. पंपाचं प्रकरण दोनशे तेराव्या पानावर सुरू होत होतं, आणि आज गुरुवार होता.

काढलेली पुस्तकं दाराजवळच्या गाडीवर ठेवत, कुणालाही फुकट न्यायला. गाडी रिकामी होती. उर्पोने सकाळीच सगळं रद्दीत नेलं होतं. तेल्लेर्वो वाचनालयात घालायच्या सपातांवरच उर्पोला गाठायला बर्फात गेली, मागोमाग साना.

“निळं, जाड?” उर्पो म्हणाला. “ते कोठीच्या दाराला अडकण लावलंय. पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं.” मग त्याने सानाचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने पुस्तक आणून दिलं. मलपृष्ठावर त्याच्या बुटाचा ओला ठसा होता.

“शिक्का बसलाय,” तेल्लेर्वो म्हणाली. “आता हे वाचनालयाचं नाही. घरी ने, सहीबिही लागत नाही.”

“घरी नको. धाकटा त्यात चित्रं काढेल. इथेच ठेव ना.”

तेल्लेर्वोने शिक्क्यावर रेघ मारून शेजारी आपली सही केली आणि पुस्तक पुन्हा यादीत घेतलं. ‘इथे बसून वाचले’ अशी नोंद करायची सोय कॉम्प्युटरमध्ये होतीच. कोण काय वाचतंय ते बघणं म्हणजे चोंबडेपणा, असं वाटून तिने ती एकवीस वर्षांत कधी वापरली नव्हती. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी टेबलांवरची पुस्तकं गोळा करून आधी त्यांची नोंद करू लागली. निळं पुस्तकही आता टेबलावरच सापडे.

मुकादमाने मुलीला ठेवून घेतलं, हे उर्पोने सांगितलं. साना मंगळवारी शेडमधून थेट आली ती नुसती मान हलवून हीटरपाशी गेली. पण जाताना तिने दोनदा मान हलवली. ऑगस्टमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली, त्याच दिवशी तिने स्वतःच्या सहीने कार्ड काढलं.

साना आता एकतीस वर्षांची आहे. बर्फ फोडणाऱ्या एका जहाजाच्या इंजिनखोलीत ती मेकॅनिक आहे. दोन आठवडे समुद्रावर असते, दोन आठवडे घरी.